परकराची नाडी आणि पोटावरची पिशवी : कापूस वेचणाऱ्या एका बाईचं प्रकरण

(हे प्रकरण रुग्ण आणि घरच्यांच्या संमतीने लिहिलं आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

मावशी ४८ वर्षांच्या. यवतमाळ जिल्ह्यातलं दीडशे उंबऱ्यांचं गाव, घरची तीन एकर कोरडवाहू, त्यात कापूस आणि तूर. हंगामात दुसऱ्यांच्या वावरात वेचाईला जायचं, त्यावर घरचा किराणा चालायचा. फेब्रुवारीत नागपूरला त्यांचं गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं. गुदद्वार काढावं लागलं आणि मोठ्या आतड्याचं टोक पोटाच्या डाव्या बाजूला, बेंबीच्या तीन बोटं खाली बाहेर काढून शिवलं. याला कोलोस्टोमी म्हणतात आणि पोटावरच्या त्या तोंडाला स्टोमा. मावशींचा स्टोमा कायमचा आहे. तिथे आवळून धरणारा स्नायू नसतो, त्यामुळे शौच कधी येईल हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून पोटावर पिशवी चिकटवायची.

ऑपरेशन सरकारी योजनेत झालं, घरचा पैसा लागला नाही. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती आधी सांगायला हवी. पण सुट्टी देताना हातात पडल्या त्या दोन पिशव्या आणि दुकानाचं नाव लिहिलेली एक चिठ्ठी. पुढची सगळी वर्षं त्या चिठ्ठीवर काढायची होती.

मी परिचारिका आहे. आमच्या भागात घरोघरी जाऊन दीर्घ आजाराच्या रुग्णांची शुश्रूषा करते. मावशींकडे पहिल्यांदा गेले ती जूनमध्ये, पेरणीच्या धांदलीत. घरात सगळे आत आणि मावशी बाहेर सपरीत, बाजेवर. मार्चपासून त्या तिथेच झोपत होत्या. कोणी बाहेर काढलं नव्हतं, त्या स्वतःच निघाल्या होत्या. "सूनबाईचं लहान लेकरू हाय घरात, ताई. वास येते न जी," एवढंच म्हणाल्या.

पोट दाखवायला त्यांनी बराच वेळ घेतला. पदराखाली किराण्याच्या सामानाची पन्नी होती, कडेने खाकी चिकटपट्टी लावलेली, वरून जुन्या लुगड्याची पट्टी करकचून बांधलेली. विकतची पिशवी त्या मोजक्याच दिवशी लावायच्या, दवाखान्यात जायचं असेल तेव्हा तर नक्की. पन्नी काढल्यावर दिसलं की स्टोमा छान लाल आणि ओला होता, ओठाच्या आतल्या बाजूसारखा, म्हणजे त्याला काही झालेलं नव्हतं. त्याच्या भोवतीची कातडी मात्र सोललेली, पाण्याने भरलेली. आग शमावी म्हणून त्यावर हळद आणि खोबरेल तेल लावत होत्या. आता तेल लावलेल्या कातडीवर कुठलीच पिशवी टिकत नाही, मग ती निसटते, मळ कातडीला लागतो, कातडी आणखी सोलते, आणि परत तेल. चार महिने हे असं चाललं होतं.

दवाखान्याच्या दिवसासाठी राखून ठेवलेल्या विकतच्या पिशवीलाही वर टाचणीची भोकं होती. वायू भरला की पिशवी फुगते, लुगड्यातून दिसते, म्हणून त्यांनी टोचलं होतं. ज्या वासाला भिऊन त्या सपरीत झोपत होत्या तो त्याच भोकांतून दिवसभर येत होता. खालची क्लिप उघडून संडासात वायू सोडता येतो हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

चौकटीची वही

माझी पहिली समजूत अशी होती की पिशवी महाग आहे, तेव्हा स्वस्त पिशवी शोधली की काम झालं. तालुक्याच्या मेडिकलमध्ये एका तुकड्याची, म्हणजे कातडीला चिकटणारी चकती आणि पिशवी जोडलेलीच असते अशी, खालून उघडणारी पिशवी १६० रुपयांना एक पडत होती, आणि दुकानदार दहाचा डबाच द्यायचा, सुटी नाही. पिशवी दिवसभरातच गळायची म्हणून रोज एक, म्हणजे महिन्याला ४,८०० रुपये. तेवढे कुठून आणणार? महिन्याला एक डबा आणायच्या, १,६०० रुपयांचा, आणि उरलेले दिवस पन्नी.

पण दहा पिशव्या तरी का गळतात, हे मला समजत नव्हतं. म्हणून नातवाच्या चौकटीच्या वहीत चौदा दिवस नोंद ठेवायला सांगितलं. पिशवी कधी लावली, कधी सुटली आणि सुटली तेव्हा काय करत होता. त्या दोन आठवड्यांपुरत्या पिशव्या मी जमवून दिल्या. सून लिहायची. चौदा दिवसांत सतरा वेळा गळती झाली, त्यातल्या तेरा नोंदींपुढे "बसली" किंवा "वाकली" असं लिहिलेलं. चुलीपाशी बसली, भांडे घासायला बसली, बकरीले चारा टाकायले वाकली.

मी स्वतः मात्र त्यांना दोन्ही वेळा बाजेवर निजवून किंवा उभं करून तपासलं होतं. दवाखान्यातही तसंच झालं असणार. तिसऱ्या भेटीत म्हटलं, मावशी, उकिडवं बसा. त्या बसल्या, चुलीत लाकूड सारायला पुढे झुकल्या, आणि पोटाला बेंबीखाली आडवी घडी पडली. ती घडी बरोबर चकतीच्या खालच्या कडेतून जात होती. कड माझ्या डोळ्यांदेखत पापुद्र्यासारखी उचलली गेली. वरच्या बाजूला आणखी एक गोष्ट दिसली. परकराची नाडी चकतीच्या वरच्या काठावर घट्ट रुतली होती, तिथे कातडीवर काळपट रेघ पडली होती. खालून घडी उचलते आणि वरून नाडी दाबते. मळाला खाली पिशवीत उतरायला वाटच नव्हती, तो कडेने बाहेर पडणार नाही तर काय करणार?

"ताई, उभी रायली का काई होत नाई. बसली का सुटते," असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या. मी ते ऐकलं होतं आणि लिहून घेतलं नव्हतं.

स्टोमा कुठे काढायचा याची खूण ऑपरेशनच्या आदल्या दिवशी पेनने पोटावर करायची असते. रुग्णाला उभं करून, बसवून, वाकवून पाहायचं, कमरेचा पट्टा कुठे येतो ते बघायचं आणि घड्या टाळून जागा ठरवायची. आपल्याकडे यात परकर नेसवून आणि उकिडवं बसवून पाहणं आलंच पाहिजे. आतडं फुटलं म्हणून रात्री तातडीने ऑपरेशन करावं लागलं तर एवढा वेळ नसतो, हे मान्य. पण मावशींची तारीख तीन आठवडे आधी ठरलेली होती. पाच मिनिटांचं आणि एका पेनचं काम राहून गेलं, त्याची किंमत त्या रोज मोजत आहेत. आता ती जागा बदलणं म्हणजे दुसरं ऑपरेशन, तेव्हा जागा तीच धरून बाकी सगळं बदलायचं ठरवलं.

लग्नपत्रिकेचा साचा

सगळ्यात आधी झालेला बदल फुकटातला होता. ऑपरेशननंतर स्टोमा सुजलेला असतो, पुढच्या सहा ते आठ आठवड्यांत तो आकसतो. मावशी चकतीला भोक पाडत होत्या ते वॉर्डात शिकवलेल्या मापाने, ४५ मिलिमीटरचं. जूनमध्ये स्टोमा ३२ मिलिमीटरचा झाला होता. म्हणजे भोवतीची सहा-सात मिलिमीटर कातडी दिवसरात्र मळात भिजत होती. स्टोमा आणि चकतीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फट नको. घरात लग्नपत्रिका पडलेली होती, तिचा जाड कागद कापून ३४ मिलिमीटरचा साचा केला, आणि तो पिशव्यांच्या डब्यातच ठेवायचा. सून त्यावर पेन फिरवते आणि वाकड्या कात्रीने कापते.

तेल आणि हळद बंद, साबणही बंद. कोमट साध्या पाण्याने धुवायचं, सुती फडक्याने टिपायचं, पूर्ण कोरडं झाल्यावरच चकती लावायची आणि वर तळहात ठेवून दोन मिनिटं दाबून धरायचं. पिशवीचं तोंड सरळ खाली न ठेवता बाहेरच्या मांडीकडे तिरकं करायचं, म्हणजे बसल्यावर पिशवी दुमडत नाही. दीड आठवड्यात कातडी सुकली.

साठवणीचंही पाहावं लागलं. घर टिनाचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा फळीवर ठेवलेल्या चकतीचा डिंक मऊ होऊन कागदाला चिकटून येतो. पिशव्या आता स्टीलच्या डब्यात, माठाशेजारी, पण ओल लागणार नाही अशा विटेवर असतात.

तीन परकर

खरा वेळ लागला नाडीला. गावात बचत गटातली एक ताई शिवणकाम करते, तिला आम्ही सोबत घेतलं. मावशींनी स्वतःच तिला समोर बसून दाखवलं, कुठे रुततं आणि कुठे घडी पडते. हे त्यांना किती जड गेलं असेल, विचार करा.

पहिला परकर असा केला की नाडी काढून चार बोटं रुंद पट्टी लावली आणि ती बेंबीच्या वर बांधायची. दाब पसरला, पण पिशवी परकराच्या आतच होती. घामाने प्लास्टिक मांडीला चिकटून पुरळ उठलं.

दुसऱ्या परकराला डाव्या बाजूला खिडकी ठेवली, मोठ्या काजासारखी. पिशवी त्या खिडकीतून बाहेर काढायची, ती परकर आणि लुगडं यांच्या मधे लोंबते. पिशवीला कापडी खोळ केली, खोळीला दोन बंद, आणि ते बंद पट्टीवरच्या गुंड्यांना अडकवले. यामुळे एक मोठी गोष्ट साधली. भरत आलेल्या पिशवीचं वजन आता चकतीच्या डिंकावर येत नाही, कमरेच्या पट्टीवर येतं. खोळ आधी टेरिकॉटची शिवली होती, ती गरम व्हायची. काकांच्या जुन्या धोतराची केली, ती मऊ आणि धुतली की तासाभरात वाळते. पण खिडकीची खालची कड बसल्यावर कातडीला घासत होती.

तिसऱ्या परकरात खिडकी तिरकी कापली, बाहेरच्या बाजूला उतरती, आणि कडेला मऊ कापडाची पायपिंग केली. हा परकर चालला. कापड आणि शिलाई मिळून ११० रुपये लागले.

हे सगळं करताना मला एलिसे सोरेन्सेन या डॅनिश परिचारिकेची फार आठवण यायची. तिची बहीण थोरा हिचं स्टोमाचं ऑपरेशन झालं, त्यानंतर गळतीच्या भीतीने ती लोकांत जाईना. त्यातून १९५४ मध्ये एलिसेने कातडीला चिकटणाऱ्या, वापरून टाकायच्या पिशवीची कल्पना मांडली. आजच्या सगळ्या पिशव्या त्या कल्पनेच्या लेकी आहेत. फक्त ती पिशवी खुर्चीवर बसणाऱ्या देशात जन्मली. आमची बाई दिवसातून पन्नास वेळा उकिडवी बसते.

हिशोब

मधल्या काळात एक चूक माझी झाली. पुस्तकी सल्ला म्हणून मी दोन तुकड्यांचा संच सुचवला, कातडीवर चकती चार-पाच दिवस राहते आणि पिशवी तेवढी बदलायची. आम्ही विचार केला, पिशवी धुऊन परत लावली तर स्वस्त पडेल. चकती २९० रुपयांना, पिशवी १३० ला. चकती चार दिवस टिकली तर महिन्याला आठ लागतात, म्हणजे २,३२०. आठवड्याला एक पिशवी धरली तर ५२० आणखी. एकूण २,८४० रुपये. शिवाय चकतीवरची कडक प्लास्टिकची कडी उकिडवं बसलं की पोटात टोचायची. दुसऱ्या खेपेला दुकानातून आलेल्या पिशव्यांची कडी ६० मिलिमीटरची निघाली, आमची चकती ५७ ची. दोन कंपन्यांच्या कड्या एकमेकींत बसत नाहीत. तो माल तसाच पडून राहिला.

उलट आधीचीच एका तुकड्याची पिशवी, जी पोटाबरोबर वाकते, योग्य भोक आणि नवा परकर यांच्यासह तीन दिवस टिकू लागली. महिन्याला दहा लागल्या. म्हणजे आधी जो डबा आणत होत्या तोच, १,६०० रुपयांचा, आता अख्खा महिना पुरला आणि पन्नी सुटली. एक कोरडा दिवस आधी १६० रुपयांना पडत होता, तो ५३ रुपयांवर आला. मी तेव्हापासून पिशवीची किंमत विचारणं सोडून दिलं आहे, एक कोरडा दिवस कितीला पडतो ते विचारते. पिशवी स्वस्त करायला निघालेल्या प्रत्येकाने हाच आकडा आधी काढावा असं माझं ठाम मत आहे. शंभराची पिशवी रोज गळत असेल तर ती १६० च्या पिशवीपेक्षा महागच.

पिशवीच गावात करता येईल का, हेही लोक विचारतात. कापडाचं सगळं होतं, पट्टी, खोळ, परकर. अडतं ते चकतीवर. तिच्यात पेक्टिन, जिलेटिन, सेल्युलोजचा डिंक असं काही चिकट रबरासारख्या द्रव्यात मिसळलेलं असतं. ते ओल शोषतं, कातडी राखतं आणि तरी धरून ठेवतं. गंमत अशी की याची सुरुवात आपल्याच जंगलातल्या डिंकाने झाली. १९५० च्या दशकात अमेरिकेत क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये डॉ. रुपर्ट टर्नबुल यांनी स्टोमाभोवतीची कातडी वाचवायला कराया डिंक वापरला. कराया म्हणजे कांडोळाचा डिंक, आणि पांढऱ्या खोडाचा कांडोळ, ज्याला भुत्याही म्हणतात, मेळघाटात उभा आहे. मी तो डिंक आणून, कुटून, ओला करून माझ्या दंडावर दिवसभर बांधून पाहिला. धरतो चांगला, पण घामाने विरघळतो, व्हिनेगरसारखा आंबूस वास येतो आणि संध्याकाळी चुरचुरलं. मावशींच्या नुकत्याच भरलेल्या कातडीवर असं काही लावायचं धाडस मी केलं नाही, कोणी करू नये. ते काम प्रयोगशाळेचं आहे. कोणीतरी ते हातात घ्यावं असं मात्र मनापासून वाटतं.

पाऊण लिटर पाणी

ऑगस्टमध्ये केमो संपली. ऑक्टोबरात सर्जनना विचारून इरिगेशन सुरू केलं. स्टोमातून कोमट पाणी आत सोडून मोठं आतडं ठरलेल्या वेळी रिकामं करायचं, मग पुढचा एक दिवस, कधी दोन दिवस काही येत नाही. हे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागातल्या कोलोस्टोमीलाच चालतं. लहान आतड्याच्या स्टोमाला, म्हणजे इलिओस्टोमीला, अजिबात नाही. स्टोमाजवळ हर्निया असेल किंवा केमोचे जुलाब चालू असतील तरी नाही. आणि पाणी सोडायला मऊ शंकूच हवा, नुसती नळी आत घातली तर आतड्याला भोक पडू शकतं. सर्जनने हो म्हटल्याशिवाय आणि कोणी समोर बसून शिकवल्याशिवाय हे करायचं नाही.

संच एकदाच घ्यावा लागला, १,८०० रुपयांचा. मावशी दिवसाआड पहाटे पाचला उठतात. संडासात प्लास्टिकचं स्टूल, भिंतीत खांद्याइतक्या उंचीवर ठोकलेली खुंटी, तिला पाण्याची पिशवी. पाणी पिण्याचंच वापरायचं, कोमट. अर्ध्या लिटरवर सुरुवात केली, आता पाऊण लिटर. कळ आली की चिमटा बंद करून थांबायचं. सगळं मिळून पाऊण तास जातो. तेवढा वेळ संडास अडतो म्हणून सुनेची आधी कुरकुर होती, मग तिनेच पाणी तापवून द्यायला सुरुवात केली.

आता बहुतेक वेळ स्टोमावर गॉजची घडी आणि वर पट्टी पुरते. पिशवी वावरात जायच्या दिवशी, किंवा लग्नाला जायचं असेल तर, मनाच्या खात्रीसाठी. महिन्याला चार पिशव्या लागतात, ६४० रुपये.

त्या चारही सुट्या मिळतात. तालुक्यातल्या मेडिकलवाल्या भाऊंना आम्ही चार स्टोमा रुग्णांची यादी करून दिली. एकाच प्रकारची, भोक हवं तसं कापता येणारी पिशवी चौघांना चालते, म्हणून ते डबा फोडून नगावर विकायला तयार झाले. आशाताई गावी येताना घेऊन येते. एवढं साधं काम ग्रामीण रुग्णालयाच्या औषधखिडकीवर का होऊ नये? दिव्यांग हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत, त्यात स्टोमा नाही. प्रमाणपत्र नाही, म्हणून साहित्यही नाही. आयुष्यभर पोटावर पिशवी घेऊन जगणाऱ्या माणसाला सरकारदरबारी नावच नसावं, याचा मला राग येतो.

वावर

वेचाईच्या पहिल्या दिवशी आमच्याकडे वावरात सीतादही करतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवून मग कापसाला हात लावतात. घरच्या वावरातल्या सीतादहीला या वर्षी मावशी होत्या. पण ओटीचा प्रश्न आलाच. वेचलेला कापूस कमरेला बांधलेल्या ओटीत टाकत जातात, ती भरत आली की तीन-चार किलोचा भार पोटावर, नेमका स्टोमावर. त्यांनी स्वतःच तोड काढली. ओटी उजव्या खांद्यावरून झोळीसारखी घेतली. हात आखडतो, वेग कमी होतो. पूर्वी दिवसाला तीस-पस्तीस किलो वेचायच्या, आता पंधरा-सोळा. किलोमागे १० रुपये धरले तर चार दिवसांच्या वेचाईत महिन्याच्या पिशव्यांचे पैसे निघतात. तपासणीत सर्जननी जड उचलायचं नाही म्हणून बजावलं आहे, भरलेलं गाठोडं सून उचलते.

यादीतल्या चौघांपैकी एका भाऊंची इलिओस्टोमी आहे. त्यांना इरिगेशन नाही, पातळ मळ दिवसातून पाच-सहा वेळा रिकामा करावा लागतो, आणि त्यातल्या पाचक रसांनी कातडी जळते. परकराची खिडकी त्यांच्या धोतराला कशी बसवायची हे अजून जमलेलं नाही. त्यांचा एक कोरडा दिवस आजही ८० रुपयांना पडतो.

मावशी सपरीतून आत झोपायला आल्या त्याला आता तीन महिने होतील. गेल्या आठवड्यात गेले तर म्हणाल्या, "ताई, खिडकी आता वर सरकली वाटते." पाहिलं तर बरोबर होतं. जेवण सुधारलं, चार किलो वजन वाढलं, आणि पोटाची घडी बोटभर खाली आली होती. लग्नपत्रिकेचा साचा परत मोजला, तो ठीक आहे. चौथा परकर शिवायला टाकला आहे.